कूस बदलली की खोली फिरते? आधी कानाकडे बघा

पहाटे जाग येते. अर्धवट झोपेत तुम्ही उजव्या कुशीवर वळता आणि अचानक पलंगासकट सगळी खोली गरगर फिरायला लागते. डोळे उघडावेत तर बंद पंखाही फिरताना दिसतो. पोटात ढवळतं, हात आपोआप गादी घट्ट धरतात. अर्ध्या-एक मिनिटात सगळं शांत होतं. मग धीर करून उठून बसता, आणि बसतानाही तेच!

अशा वेळी पहिलं निदान घरातच होतं. "पित्त झालंय." "बीपी लो झाला असेल." "मानेचं दुखणं आहे, उशी बदल." "काल रात्री नीट जेवली नाहीस ना?" यातलं एखादं बरोबरही असू शकतं. पण चक्कर फक्त डोकं एका ठराविक स्थितीत गेल्यावर येत असेल, मिनिटभरात थांबत असेल आणि डोकं स्थिर ठेवलं की काहीच होत नसेल, तर कारण बहुतेक वेळा पोटात नाही, मानेत नाही, कानाच्या आत असतं.

या त्रासाचं वैद्यकीय नाव लांबलचक आहे: बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. डॉक्टर त्याला बीपीपीव्ही म्हणतात. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेला, पॅरॉक्सिस्मल म्हणजे झटक्यासारखा अचानक येणारा, पोझिशनल म्हणजे डोक्याच्या स्थितीवर अवलंबून असलेला. नाव पाठ करायची गरज नाही, फक्त 'स्थिती' हा शब्द लक्षात ठेवा. कानातून येणाऱ्या चक्करेचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे आणि बऱ्याचदा ते एकही गोळी न घेता बरं होतं.

चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या भाषेत या अनुभवासाठी किती शब्द आहेत बघा. चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी, गरगरणं, झोक जाणं. बोलताना आपण ते हवे तसे वापरतो, पण दवाखान्यात या शब्दांतला फरक फार कामाचा असतो. झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बहुधा रक्तदाबाची गोष्ट. चालताना झोक जातो, त्याची कारणं वेगळी. आणि आजूबाजूचं सगळं स्वतःभोवती फिरतंय असं वाटतं, तो खरा व्हर्टिगो. आपण मात्र डॉक्टरांसमोर बसलो की या सगळ्यांना मिळून एकच वाक्य सांगतो, "चक्कर येते."

तमिळमध्येही असंच आहे. 'मयक्कम' म्हणजे भोवळ, शुद्ध हरपल्यासारखं होणं. 'तलैसुट्रल' म्हणजे शब्दशः डोकं फिरणं. बोलताना लोक सरसकट मयक्कम म्हणून मोकळे होतात. हे मला कळलं ते माझ्या मैत्रिणीमुळे. तिचं सासर तिरुविडैमरुदूरला आहे.

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की आठ-नऊ किलोमीटरवर हे गाव येतं. महालिंगस्वामींच्या भव्य शिवमंदिराचं गाव. मराठी माणसाला ते अगदीच परकं नाही. तंजावरच्या भोसले घराण्यातले अमरसिंह राजे 1798 मध्ये गादीवरून दूर झाले आणि पुढे इथेच येऊन राहिले. मंदिरात हातात दिवा घेतलेली एका स्त्रीची पितळी मूर्ती आहे, तीही या मराठी राजघराण्यातलीच. तंजावर-कुंभकोणमच्या पट्ट्यात आजही काही घरांत जुन्या वळणाची मराठी बोलली जाते. मैत्रिणीचं सासर त्यातलंच एक.

तिच्या सासूबाई साठीच्या. पहाटे उठायचं, अंगण झाडून वाकून कोलम काढायचं, म्हणजे आपली रांगोळी, आणि मग मंदिरात जायचं. गोपुरासमोर उभं राहून मान वर करून हात जोडायचे, प्रदक्षिणा घालायची, परत यायचं. वर्षानुवर्षांचा हा क्रम एका पावसाळ्यात बिघडला. अंथरुणातून उठताना गरगरायचं. कोलमसाठी वाकलं की गरगरायचं. गोपुराचा कळस बघायला मान मागे टाकली की तोल जायचा, एकदा तर शेजारच्या बाईंनी धरलं म्हणून वाचल्या. आधी पित्ताची औषधं झाली. मग मानेचा एक्स-रे, त्यात 'झीज' निघाली, म्हणून मानेला पट्टा. मग चक्करेच्या गोळ्या. चार महिने गेले. कोलम सूनबाई काढू लागल्या आणि मंदिर बंद झालं.

गंमत अशी की प्रदक्षिणा घालताना त्यांना कधीच चक्कर आली नव्हती. चालताना डोकं सरळ असतं ना! हे सूनबाईंच्या लक्षात आलं. पुढच्या वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेल्यावर तिने तेवढंच सांगितलं: उभं राहून चालताना नाही, पण झोपताना, कूस बदलताना, वाकताना आणि वर बघताना. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, थेट तपासायच्या पलंगावर बसायला सांगितलं.

(मानेच्या एक्स-रेबद्दल एक सांगते. पन्नाशीनंतर जवळजवळ कुणाच्याही मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसते. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच येते असं ठरत नाही. पण फोटो हातात आला की संशयित सापडल्यासारखं वाटतं आणि शोध तिथेच थांबतो.)

कानात काय बिघडतं?

कान फक्त ऐकण्यासाठी नसतो. आतल्या कानात, कवटीच्या हाडात, तोल सांभाळणारी एक छोटीशी यंत्रणा असते. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांच्यात द्रव भरलेला असतो. डोकं फिरलं की द्रव हलतो, नलिकेच्या एका टोकाला असलेला जेलीसारखा मऊ पडदा वाकतो, आणि मेंदूला कळतं की डोकं कुठल्या बाजूला वळलं.

या नलिकांना लागून युट्रिकल नावाची एक इवलीशी पिशवी असते. तिच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. शिंपल्यात असतो तोच हा पदार्थ. एकेक स्फटिक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, कोलमच्या तांदळाच्या पिठाहूनही बारीक. गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे हे समजायला ते उपयोगी पडतात. म्हणजे कानात 'दगड' असणं हा आजार नाही, ते प्रत्येकाच्या कानात असतात. गडबड होते ती हे स्फटिक आपल्या जागेवरून सुटून नलिकेत घरंगळले की.

आता डोकं हललं की नलिकेतले कण खाली घसरतात, सोबत द्रवालाही ओढतात. डोकं स्थिर झालं तरी कण अजून घसरत असतात. त्या कानाचा निरोप असतो 'डोकं फिरतंय', दुसरा कान सांगतो 'नाही', डोळेही सांगतात 'नाही'. मेंदूचा गोंधळ उडतो आणि खोली फिरू लागते. कण तळाला जाऊन बसले की निरोप थांबतो, म्हणून चक्करही मिनिटभरात थांबते. दहातल्या आठ-नऊ वेळा हे मागच्या नलिकेत होतं, कारण गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने तीच सगळ्यात खाली असते.

महालिंगस्वामींच्या मंदिराची एक प्रथा इथे आठवते. आख्यायिका अशी की वरगुण पांड्य राजा ब्रह्महत्येच्या पातकाने पछाडलेला होता. तो पूर्वेच्या दारातून मंदिरात शिरला, तेव्हा ब्रह्महत्या दाराबाहेरच त्याची वाट बघत थांबली. मग राजा पश्चिमेच्या दाराने बाहेर पडला आणि सुटला. म्हणून आजही भाविक पूर्वेच्या दाराने आत आले तर परत त्या दाराने जात नाहीत. कानातला हिशेब नेमका उलटा आहे. नलिकेचं एक टोक त्या मऊ पडद्याने बंद असतं. त्यामुळे कण ज्या दाराने आत शिरले, त्याच दाराने त्यांना बाहेर काढावं लागतं. अर्धवर्तुळाकार नलिकेतून कण मागे फिरवायचे तर चिमटा नाही, औषध नाही. डोकंच एकामागून एक अशा स्थितींत फिरवायचं की कण आपल्या वजनाने घसरत घसरत दारापर्यंत येतील.

दोन मिनिटांची तपासणी

निदानासाठी डिक्स-हॉलपाइक नावाची चाचणी करतात. रुग्णाला पलंगावर पाय लांब करून बसवतात, डोकं एका बाजूला 45 अंश वळवतात आणि तसंच धरून पटकन मागे झोपवतात, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं झुकलेलं राहील असं. मग डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांकडे बघत राहतात. बीपीपीव्ही असेल तर दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग एकदम चक्कर सुरू होते आणि बुबुळं झटक्याझटक्याने, थोडी गोल फिरल्यासारखी हलू लागतात. ती कुठल्या दिशेने हलतात यावरून कुठला कान आणि कुठली नलिका हे कळतं. त्या क्षणी रुग्णाला भीती वाटते, काहींना उलटीही होते. पण जो त्रास शोधायचा तोच समोर दिसला म्हणजे निदान झालं.

यासाठी मोठं मशीन लागत नाही. साधा पलंग आणि जाणकार डॉक्टर पुरतात. बाकी काही लक्षणं नसतील तर स्कॅनची गरजही सहसा पडत नाही. स्कॅनमध्ये हे कण दिसतच नाहीत. मोठं रुग्णालय गावापासून लांब असलेल्यांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. तिरुविडैमरुदूरहून तंजावरच्या मेडिकल कॉलेजला जाण्यात म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो. ही तपासणी मात्र तालुक्याच्या गावातही होऊ शकते.

उपचार लगेच, त्याच पलंगावर. त्याला एप्लीची पद्धत म्हणतात. त्रास उजव्या कानाचा असेल तर डोकं उजवीकडे वळवून मागे झोपवतात. चक्कर थांबेपर्यंत थांबतात, साधारण अर्धं ते एक मिनिट. मग डोकं डावीकडे 90 अंश फिरवतात. पुन्हा थांबतात. मग रुग्ण डाव्या कुशीवर वळतो आणि चेहरा जवळजवळ जमिनीकडे येतो. पुन्हा थांबतात. शेवटी हनुवटी खाली ठेवून हळूच बसवतात. एवढंच. दहापैकी साधारण आठ जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. सासूबाईंना पहिल्या वेळी अर्धाअधिक फरक पडला, आठवड्याने पुन्हा केल्यावर गरगरणं थांबलं. पुढे दोन-चार दिवस होडीत बसल्यासारखं तरंगल्यासारखं वाटत होतं. तसं अनेकांना वाटतं आणि ते आपोआप जातं. पूर्वी यानंतर दोन रात्री बसूनच झोपायला सांगत, आता त्याची गरज मानली जात नाही.

इतकी साधी पद्धत, पण ती स्वीकारली जायला बराच वेळ लागला. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांनी 1921 मध्ये स्थितीनुसार येणाऱ्या या चक्करेचं वर्णन केलं. तोल आणि कान यांचं नातं उलगडल्याबद्दल त्यांना आधीच 1914 चं नोबेल जाहीर झालं होतं, आणि तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते! 1952 मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती चाचणी मांडली. डिक्स बाई शस्त्रक्रियेकडे वळल्या होत्या, पण युद्धातल्या हवाई हल्ल्यात जखमी झाल्यावर त्यांनी या शाखेत काम सुरू केलं. मग अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली. त्यांनी 1980 च्या सुमारास डोकं फिरवून चक्कर बरी करून दाखवली, तर सहकाऱ्यांना ती जादूटोण्यासारखी वाटली. त्यांचा मुख्य लेख छापून यायला 1992 साल उजाडलं. त्यांच्याविरुद्ध वैद्यकीय मंडळाकडे तक्रारही झाली, पण ती टिकली नाही. आज जगभरचे डॉक्टर हीच पद्धत वापरतात.

मोबाइलवर या पद्धतीचे शेकडो व्हिडिओ सापडतील. तरीही पहिल्या वेळी स्वतःहून करू नका. कान चुकीचा धरला तर उपयोग नाही, नलिका वेगळी असेल तर पद्धतही वेगळी लागते, आणि कधीकधी कण दुसऱ्याच नलिकेत जातात. मानेचा किंवा पाठीचा गंभीर त्रास, नुकतीच झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया किंवा मानेतल्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते पद्धतीत बदल करतात. एकदा निदान पक्कं झालं की अनेक डॉक्टर घरी करायला शिकवतातही.

मोबाइलचा खरा उपयोग दुसराच आहे. चक्कर सुरू असताना घरातल्या कुणीतरी तुमच्या डोळ्यांचा जवळून, पुरेशा उजेडात, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढावा. डोळे उघडे ठेवणं जड जातं, पण तेवढं सोसा. डॉक्टरांसमोर पोचेपर्यंत त्रास थांबलेला असला तरी तो व्हिडिओ बोलतो.

गोळ्यांचं काय?

चक्करेची गोळी कण हलवू शकत नाही. मळमळ फार असेल तर दोन-तीन दिवस आराम म्हणून डॉक्टर ती देतात, तेवढी ठीक. पण एकदा लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून वर्षानुवर्षं त्याच गोळ्या आणणारी माणसं प्रत्येक कुटुंबात असतात. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनॅरिझिन ही औषधं वयस्कर माणसांनी फार काळ घेतली तर हातपाय कापणं, हालचाली मंदावणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. शिवाय सुस्ती येते आणि तोल आणखी बिघडतो. घरातले आजी-आजोबा अशी गोळी घेत असतील तर ती मनाने बंद करू नका, पण "अजून हवी आहे का?" हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ही लक्षणं असतील तर थांबू नका

प्रत्येक चक्कर निरुपद्रवी नसते. चक्कर तासन्‌तास थांबतच नसेल, एकाची दोन दिसत असतील, बोलणं अडखळत असेल, चेहरा एका बाजूला ओढला जात असेल, हात-पाय लुळा पडत असेल, आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखत असेल, तर हा पक्षाघात असू शकतो. छातीत दुखून चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तरीही तेच. महाराष्ट्रात असा की तमिळनाडूत, 108 ला फोन करा. त्या क्षणी एप्ली-बिप्ली काही करत बसू नका.

कानाचे दुसरे आजारही असतात. चक्कर काही तास टिकते, कानात दडे बसतात, आवाज येतो, ऐकू कमी येतं, तेव्हा मेनिएर्सचा विचार होतो. सर्दी-तापानंतर सलग काही दिवस चक्कर राहिली तर तोलाच्या नसेला सूज असू शकते. अर्धशिशीमुळेही चक्कर येते. आणि रक्तदाबाची अंधारी ओळखायची सोपी खूण म्हणजे ती उभं राहिल्यावर येते आणि आडवं झालं की कमी होते. झोपल्यावरच सुरू होणाऱ्या चक्करेचं खापर लो बीपीवर फोडता येत नाही.

कुणाला होतो, आणि परत होतो का?

पन्नाशीनंतर जास्त, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बराच जास्त. तरुणांमध्ये बहुधा डोक्याला मार लागल्यावर, म्हणजे दुचाकीवरून पडल्यावर वगैरे. आजारपणात फार दिवस अंथरुणावर पडून राहिल्यानेही होतो. हाडं ठिसूळ असणं आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. दक्षिण कोरियात जवळपास हजार रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांना ते कॅल्शियमसोबत दिल्यावर चक्कर पुन्हा उलटण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. आपल्याकडे एवढं ऊन असूनही ही कमतरता सर्रास आढळते, तेव्हा रक्त तपासून घ्यायला हरकत नाही.

काहींचा त्रास काही आठवड्यांत आपोआपही जातो. पण तोवर पडून हाड मोडण्याची भीती असते, म्हणून उपचार लांबवू नयेत. त्या दिवसांत रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढू नका. गाडी चालवू नका. लोटांगणाचा नवस असेल तर तो पुढे ढकला. तमिळनाडूत जमिनीवर लोळत जाऊन अंगप्रदक्षिणा घालतात, ती तर या त्रासात नकोच. चालत घातलेल्या प्रदक्षिणेला अडचण नाही, सोबत कुणीतरी असलं की झालं. आणि भीतीने मान ताठ धरून बसू नका, त्याने मान दुखते आणि तोल सावरायलाही उशीर होतो.

एकदा बरा झालेला त्रास पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना पुन्हा होतो. सासूबाईंनाही अकरा महिन्यांनी झाला, यावेळी डाव्या कुशीवर वळताना. या खेपेला मात्र चार महिने गेले नाहीत. "इडदु पक्कम," डावी बाजू, एवढं सुनेला सांगून त्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेल्या.